पुसण्यासाठी काढलेल्या रेषा

गेल्या आषाढातली गोष्ट आहे. बाहेर पावसाची झड लागली होती आणि माझी भाची तिच्या डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाचा सर्किट बोर्ड, म्हणजे इलेक्ट्रॉनिक घटक तांब्याच्या रेषांनी जोडणारी पाटी, करण्यासाठी सकाळीच आमच्याकडे आली होती. झेरॉक्सच्या दुकानातून लेझर प्रिंटरवर काढून आणलेला त्या रेषांचा नकाशा तांब्याच्या पत्र्यावर उपडा ठेवून त्यावर इस्त्री फिरवायची, टोनर, म्हणजे प्रिंटरची काळी पूड, वितळून तांब्याला चिकटला की कागद पाण्यात भिजवून चोळून काढायचा, ही रीत तिला कॉलेजात शिकवली होती. पहिल्या दोन खेपा फसल्या. तिसऱ्या वेळी रेषा नीट उतरल्या, तेव्हा तिने भिंग घेऊन एकेक रेषा तपासली, तुटलेल्या जागा मार्करने सांधल्या आणि तासाभराने बोर्ड तांबे खाणाऱ्या फेरिक क्लोराइडच्या तांबूस पाण्यातून बाहेर काढला. मग थिनरमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा तिने त्यावर फिरवला. काळ्या रेषा बोळ्यावर आल्या आणि त्यांच्याखालून गुलाबी, ओल्या तांब्याच्या रेषा निघाल्या. हातातल्या काळ्या बोळ्याकडे पाहत ती म्हणाली, "मामा, एवढं जपून काढलं आणि शेवटी पुसूनच टाकायचं होतं." त्यात तक्रार नव्हती. ती लगेच ड्रिल शोधायला उठलीसुद्धा. मी मात्र तो बोळा हातात घेऊन बराच वेळ बसून राहिलो.

ज्याला या कामात रेझिस्ट म्हणतात, त्याचे सगळे आयुष्य या एका वाक्यात आले होते. बोर्डावरचे तांबे साधारण 35 मायक्रॉन जाडीचे, म्हणजे केसाच्या जाडीच्या निम्म्याच्या आसपास असते. त्यातले जे राखायचे ते झाकायचे आणि उघडे राहिलेले फेरिकला खाऊ द्यायचे, एवढीच ही विद्या आहे. नकाशा कितीही विचारपूर्वक आखलेला असो, फेरिकला तो कळत नाही. त्याला फक्त झाकलेले आणि उघडे कळते. म्हणून आखणाऱ्याची सारी कुशलता त्या लेपात उतरावी लागते, आणि काम झाल्यावर तो लेप बोर्डावर कुठेही उरत नाही. गेली पस्तीस-छत्तीस वर्षे मी हे करत आलो आहे, ऑइलपेंटपासून डांबरापर्यंत हाताशी येईल ते तांब्यावर लावून पाहिले आहे, पण पुसण्याच्या क्षणाकडे मी असे कधी पाहिले नव्हते.

1988 साली मी पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला होतो. आमचे बिऱ्हाड पुण्यात कसबा पेठेत, तांबट आळीपासून हाकेच्या अंतरावर होते. सकाळी डोळे उघडायच्या आधी कानावर मठारकामाचे ठोके पडत: आधी एक हातोडा, मग दुसरा, मग आळीभर पसरलेला तो न थांबणारा नाद. घंगाळी, बंब, हंडे यांच्या गोलाव्यावर एकाला एक लागून उमटत जाणाऱ्या त्या ठोक्यांच्या ओळी मी लहानपणापासून पाहत आलो होतो. त्यामुळे बुधवार पेठेतल्या दुकानातून पहिला कॉपर क्लॅडचा तुकडा आणला तेव्हा तो मला परका वाटला नाही. तपकिरी, कागद आणि फिनॉलिक राळेचा दाबून केलेला पत्रा आणि त्याच्या एका अंगाला तांब्याचा पापुद्रा. करवतीने कापताना त्याला कार्बोलिक साबणासारखा वास येई. त्याच दुकानात पिवळट तपकिरी फेरिकचे खडे पॉलिथिनच्या पिशवीत बांधून मिळत. पावसाळ्यात ते हवेतले पाणी ओढून घेत आणि घरी येईपर्यंत पिशवीच्या तळाशी चिकट काकवी जमलेली असे. त्या काकवीचा थेंब सदऱ्यावर पडला की गंजासारखा डाग कायमचा राही.

लेपासाठी मी निवडला तो खिडक्यांना लावून उरलेला हिरवा ऑइलपेंट आणि शून्य नंबरचा ब्रश. 555 या आयसीचे, म्हणजे बोर्डावर बसणाऱ्या एका इलेक्ट्रॉनिक घटकाचे, आठ पाय, दोन पायांमधले अंतर 2.54 मिलिमीटर, आणि त्या फटीतून एक रेषा दोन्हीकडच्या पॅडला, म्हणजे पाय जिथे डाखायचे त्या तांब्याच्या ठिपक्यांना, न शिवता न्यायची. मी श्वास रोखून ती काढली, रात्रभर वाळू दिली, आणि दुसऱ्या दिवशी फेरिकमध्ये वीस मिनिटे झाली नाहीत तोच रंगाचे पापुद्रे सुटून पाण्यावर तरंगू लागले. रंग बदलला, पातळ केला, घट्ट केला, दोन हात दिले. तीन बोर्ड वाया गेले. त्या काळी प्रत्येक तुकड्याला पैसे मोजावे लागत आणि ते मी आईकडूनच घेत असे. चौथ्या तुकड्याच्या वेळी ती स्वयंपाकघरातून बाहेर आली, तुकडा हातात घेऊन तिने अंगठा त्यावरून फिरवला आणि म्हणाली, "अरे, हे ओशट आहे. यावर काय टिकणार?" ती तुकडा घेऊन मोरीत गेली. बंबाखालची चाळलेली राख आणि चिंचेचा कोळ घेऊन, रोज देवाचा तांब्या आणि पंचपात्र घासायची तसा तिने तो घासला. मग त्यावर पाणी ओतून तो उजेडात तिरका धरला. "पाणी असं सलग पसरलं पाहिजे. थेंब उभा राहिला की समजावं, अजून तेल आहे."

त्या तुकड्यावरचा रंग सुटला नाही.

पुढे नोकरीत एका कारखान्यातल्या मोठ्या माणसाने मला हीच परीक्षा करून दाखवली. धुतलेल्या पत्र्यावर पाण्याची साय कुठे फाटते का ते पाहायचे. फाटली तर पत्रा परत धुण्याच्या टाकीत. तिथे ती कारखान्याची शिस्त म्हणून पाळली जात होती आणि आमच्या मोरीत ती पितळ-तांब्याची भांडी घासणाऱ्या बाईच्या बोटांत होती. मला वाटते, घरी बोर्ड करणाऱ्या बहुतेकांचे निम्मे अपयश याच एका ठिकाणी असते. आपण शाई बदलतो, कागद बदलतो, इस्त्रीची उष्णता कमीजास्त करतो आणि खालच्या तांब्यावर मात्र आपल्याच बोटांचे तेल तसेच राहू देतो. काळवंडलेला थर चिंचेने जातो, ओशटपणा राखेने किंवा साबणाने जातो. दोन्ही गेल्याशिवाय कोणताही लेप तांब्याला धरत नाही, आणि घासून झाल्यावर बोट फक्त कडेलाच लावायचे असते.

ऑइलपेंट टिकला तरी त्याची रेषा जाडच येई, म्हणून मी इतर गोष्टींकडे वळलो. शेजारच्या वाड्यात ब्युटी पार्लर चालवणाऱ्या एक काकू होत्या. त्या तळाशी उरलेल्या नेलपॉलिशच्या बाटल्या मला देत. त्यांचा रंग झटपट वाळे आणि फेरिकला चांगला दाद देत नसे, पण वाळण्याची घाई इतकी की ब्रश उचलला की मागे कोळ्याच्या जाळ्यासारखा तंतू ओढला जाई आणि तो तंतू नेमका दोन पॅडच्या मध्ये पडे. त्यात दोन थेंब थिनर घातला आणि दौतीच्या टाकाने रेषा ओढल्या तेव्हा ते साधले. सुताराकडून चपडा लाख आणून ती स्पिरिटमध्ये विरघळवली. लाखेचा लेप पातळ आणि सुरेख बसतो, आम्लाला हटत नाही, परंतु तो पारदर्शक असल्याने कुठे लागला आणि कुठे राहिला ते दिसत नाही. मग त्यात समईची काजळी घोटून घातली. ते मिश्रण माझ्या मते घरगुती लेपांतले सर्वांत गुणी होते, फक्त ते वाळल्यावर ठिसूळ होते आणि बोर्ड थोडा वाकला की त्याला बारीक चिरा जातात. रस्त्याच्या कामावरून आणलेला डांबराचा खडा टर्पेंटाइनमध्ये विरघळवूनही पाहिला. त्याच्याखालचे तांबे फेरिकमध्ये रात्रभर राहिले असते तरी हलले नसते. पण तो तीन दिवस वाळला नाही आणि खोलीभर रस्ता करण्याचा वास पसरून राहिला. युरोपातले चित्रकार तांब्याच्या पत्र्यावर कोरीव छापे करताना मेण, राळ आणि डांबर यांचाच लेप शतकानुशतके वापरत आले, हे मला फार नंतर कळले. म्हणजे मी ज्याला माझा प्रयोग समजत होतो तो फार जुना रस्ता होता आणि मी त्याच्या एका फाट्यावरून पुन्हा चालत आलो होतो, याचा मला आनंदच झाला.

मेंदीच्या कोनाची कल्पना बहिणीची. तिच्या मैत्रिणीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी घरात कोन वळले जात होते, त्यातला एक रिकामा कोन तिने माझ्या हातात दिला. त्यात घट्टसर ऑइलपेंट भरून मी गोल पॅड टाकले, ते ब्रशपेक्षा कितीतरी नेटके आले. रेषेच्या शेवटी मात्र गाठ पडे. बहीण म्हणाली की कोन उचलण्याआधी दाब सोडायचा असतो आणि हात जरा मागे न्यायचा असतो. तिने तो बोर्ड पुढे स्वतःच पूर्ण केला. बोर्डावर कोणता घटक कुठे बसतो हे तिला माहीत नव्हते आणि तिने विचारलेही नाही. मी पेन्सिलने दाखवत गेलो तशी ती रेषा सोडत गेली. आज प्रकल्प करणारी भाची ही त्याच बहिणीची मुलगी.

या साऱ्यात एक अपराधही आहे आणि तो मला अजून टोचतो. एकदा प्लास्टिकचा ट्रे सापडेना म्हणून मी कोमट फेरिक स्वयंपाकघरातल्या जर्मनच्या पातेल्यात ओतले. ॲल्युमिनियमला फेरिक फार वेगाने खाते. क्षणात पातेले हाताला चटका बसेल इतके तापले, तांबूस फेस उसळून ओट्यावर आला आणि तळाला भोक पडून सगळे शहाबादी फरशीवर वाहिले. आईने आधी माझे हात पाण्याखाली धरले, मग खिडकी उघडली आणि नंतर पातेल्याकडे पाहिले. ते तिने तिच्या माहेरून आणलेले होते, हे तिने सांगितले नाही. मला ते मावशीकडून कळले. फरशीवरचा डाग तो वाडा पाडेपर्यंत तसाच होता. त्याहून मोठी चूक अशी की तेव्हा वापरून झालेले पाणी मी मोरीतच ओतत असे. त्यात विरघळलेले तांबे असते आणि ते पाण्यातल्या जिवांना घातक असते. आमच्या मोरीचे पाणी अखेर मुठेलाच मिळत होते. आता मी ते पाणी साठवतो, त्यात धुण्याचा सोडा थोडा थोडा घालत गाळ खाली बसवतो आणि तो गाळ प्लास्टिकच्या बरणीत भरून एका प्रयोगशाळेच्या घातक कचऱ्याबरोबर पाठवतो. भाची आमच्याकडे बोर्ड करायला आली त्या दिवशी मी तिला सगळ्यात आधी ही बरणी दाखवली.

छापील बोर्डाची कल्पना ज्याने मार्गी लावली तो पॉल आयस्लर 1907 साली व्हिएन्नात जन्मला. तो अभियंता होता, ज्यू होता, आणि छपाईच्या धंद्यात काम केलेला होता. 1936 मध्ये तो लंडनला आला आणि हॅम्पस्टेडमधल्या भाड्याच्या खोलीत त्याने तारांऐवजी पत्र्यावरच्या रेषांनी जोडलेला रेडिओ केला. एका कंपनीला त्याने तो दाखवला, तेव्हा तारा जोडणाऱ्या बायकांचे हात स्वस्त पडतात आणि हवे तसे वळतात, या कारणाने त्याला नकार मिळाला. पुढे आधार दिला तो लंडनमधल्या एका छपाईच्याच व्यवसायाने. 1943 मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला, आणि युद्धकाळात तोफगोळ्यांच्या फ्यूजमध्ये, म्हणजे स्फोट घडवणाऱ्या यंत्रणेत, छापील मंडले गेल्यावर जगाला त्याची किंमत कळली. छापखान्यात शाई उमटते ती उरण्यासाठी. तीच शाई पत्र्यावर नंतर पुसून टाकण्यासाठी लावावी, हे छपाईतून आलेल्या माणसाला सुचावे याचे मला नवल वाटते. त्या भाड्याच्या खोलीत त्याने पहिला लेप कशाने आणि कोणत्या ब्रशने लावला असेल, हे पाहायला मिळाले असते तर मी पुष्कळ काही दिले असते.

टोनरची रीत आमच्याकडे आली तेव्हा सगळे बदलले. टोनर म्हणजे मुळात प्लास्टिकची पूड. ती कागदावर वितळवून बसवलेली असते, तशीच ती पुन्हा वितळवून तांब्यावर नेता येते. गुळगुळीत मासिकांच्या कागदावर मातीचा जो पातळ थर असतो तो पाण्यात मऊ होतो आणि टोनर सोडतो, म्हणून मी रद्दीवाल्याकडून तसली मासिके किलोवर आणत असे. इस्त्री वाफेशिवाय, सुती कापडाच्या खुणेवर, तीन-चार मिनिटे, कडांवर टोकाने दाब देत. मग पंधरा मिनिटे पाण्यात, आणि मग अंगठ्याने चोळणे: कागदाचा लगदा वळ्या होऊन सुटतो, खालून काळ्या रेषा वर येतात, आणि एखाद्या जाहिरातीतल्या चेहऱ्याचा अर्धा डोळा दोन रेषांच्या मध्ये चिकटून राहिलेला दिसतो. कागदाचा तो तंतू तिथे राहू दिला तर त्याच्याखाली हवेचा बुडबुडा अडकतो आणि तेवढे तांबे खायचे राहते. काही टोनर इस्त्रीला दाद देत नाहीत. त्यांच्यासाठी ॲसिटोन आणि अल्कोहोल यांचे मिश्रण टाकून थंडच दाबण्याची युक्ती आहे. ॲसिटोन टोनरला मऊ करते आणि अल्कोहोल त्याला पसरू देत नाही. प्रमाण थोडे चुकले की रेषा ओल्या कागदावरच्या शाईसारख्या फुटतात.

कल्हईचा प्रयोग मला शेवटपर्यंत साधला नाही. लेप म्हणून कथिलच का नको, असे वाटून मी डाखाच्या तारेने रेषाच ओढल्या आणि बोर्ड फेरिकमध्ये टाकला. रेषा काळ्या पडल्या आणि तांब्याबरोबर त्याही खाल्ल्या गेल्या. मोठ्या कारखान्यांत मात्र कथिलाचाच लेप वापरतात. तिथे खाणारे द्रावण अमोनियाचे असते, ते तांबे खाते आणि कथिलाला सोडते. काम झाल्यावर ते कथिलही धुऊन काढतात.

दिवाळीच्या सुट्टीत भाची पुन्हा आली. या वेळी तिने ड्राय फिल्म आणली होती: दोन प्लास्टिकच्या पापुद्र्यांमध्ये धरलेला निळसर, प्रकाशाला हळवा थर. तिच्याबरोबर मैत्रिणीचा नखांवरचे जेल पॉलिश सुकवणारा जांभळ्या प्रकाशाचा दिवा होता. पार्लरमधल्या काकूंच्या बाटल्यांनंतर इतक्या वर्षांनी पुन्हा नखांच्याच सामानाने बोर्ड होणार होता, हे मी तिला सांगितले आणि तिला ते फार आवडले. एका पट्टीवर पुठ्ठा थोडा थोडा सरकवत आम्ही किती सेकंदांचा उजेड पुरेसा होतो ते पाहिले, लिटरभर पाण्यात दहा ग्रॅम धुण्याचा सोडा घालून फिल्म धुतली, आणि केसाएवढ्या रेषा टोकापर्यंत अभंग आल्या. माझ्या ब्रशने जन्मभर तशी रेषा निघाली नव्हती. मला खरोखर आनंद झाला, आणि त्याच वेळी आपण ज्या कामात मुरलो ते काम आता हातांना फारसे काही विचारत नाही, अशी हुरहुरही वाटली. आदल्या रात्री तिने तांबे मात्र मी सांगितल्याप्रमाणेच घासले होते. पाणी सलग पसरते का ते पाहायला बोर्ड तिरका धरला, तेव्हा तिची मान आईसारखीच वळली.

त्या संध्याकाळी मी माळ्यावरचा पत्र्याचा डबा काढला. त्यात 1988 चा तो चौथा तुकडा आहे. तेव्हा प्रकल्प सादर करण्याची घाई होती, म्हणून मी डाख लावायच्या पॅडपुरताच रंग खरवडला होता आणि बाकीच्या रेषांवरचा हिरवा ऑइलपेंट पुसायचा राहूनच गेला होता. पॅडभोवतीचे उघडे तांबे काळपट तपकिरी झाले होते, रंग मात्र जागच्या जागी होता. आईला जाऊन आता नऊ वर्षे झाली. मी तो बोर्ड भाचीच्या हातात दिला आणि थिनरचा बोळा पुढे केला. तिने बोळा न घेता एका रेषेच्या टोकाला नखाने हलकेच खरवडले. हिरवा पापुद्रा उचलला गेला आणि खाली तांदळाच्या दाण्याएवढे तांबे दिसले, गुलाबी, कालच घासल्यासारखे.

"हे कोणी एवढं लख्ख घासलं होतं?" तिने विचारले.

"तुझ्या आजीने," मी म्हणालो. "बंबातली राख आणि चिंच लावून."

तिने बोळा बाटलीत परत ठेवला आणि झाकण लावले.